‘बायोस’चा वाद आणि पावाचे यीस्ट : वृद्धिघटकाच्या परिणामाविषयीच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना :

सूक्ष्मजीवशास्त्र व जीवरसायनशास्त्र या विषयांच्या क्रमिक पुस्तकांत पावाच्या यीस्टसंबंधी एक विधान हमखास आढळते. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टला वाढीसाठी शर्करा, नत्र, स्फुरद व खनिजे यांखेरीज बायोटिन, पँटोथेनिक आम्ल, इनॉसिटॉल यांसारख्या वृद्धिघटकांची अत्यल्प प्रमाणात आवश्यकता असते, असा त्याचा आशय असतो. हे विधान खोटे नाही. परंतु ते कोणत्या वाणाच्या यीस्टविषयी केले आहे, कोणत्या माध्यमात तपासले गेले आहे आणि कोणत्या देशातील कच्चा माल डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले आहे, याचा मागमूस त्यात राहिलेला नसतो. त्यामुळे ‘अमुक घटक घातल्याने यीस्टची वाढ होते’ असे त्याचे सोपे रूप वर्गात रूढ होते व पुढे तेच विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे गृहीतक बनते.

प्रस्तुत लेखात या विधानाचा उगम ज्या संशोधन-परंपरेत झाला, त्या ‘बायोस’च्या वादाची चिकित्सा केली आहे. वृद्धिघटकाचा परिणाम हा त्या घटकाचा अंगभूत गुण नसून माध्यमात काय उणे आहे आणि पेशीला स्वतः काय घडविता येत नाही, या दोहोंच्या संबंधातून तो निर्माण होतो, हे या वादातून शिकण्यासारखे होते. ते शिकण्यास संशोधकांना तीस-पस्तीस वर्षे लागली. अचलपूर-परतवाड्यासारख्या ठिकाणी, जेथे संत्रा, मोह व बाहेरून येणारी उसाची मळी ही सहज मिळणारी माध्यमे आहेत, तेथील अध्यापकांना हा धडा परकीय ग्रंथांच्या आधारे जसाच्या तसा घेता येत नाही. त्याची फेरतपासणी त्यांनाच करावी लागते.

पाश्चर-लीबिग वाद आणि टाचणीच्या माथ्याएवढे यीस्ट :

लुई पाश्चर यांनी १८६० च्या आपल्या प्रबंधात खडीसाखर, अमोनियम टार्ट्रेट आणि यीस्टची राख एवढ्याच द्रव्यांच्या द्रावणात यीस्ट वाढविल्याचे नोंदविले. किण्वन ही जिवंत पेशीची क्रिया आहे, सडणाऱ्या प्रथिनांची नव्हे, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. त्यामुळे माध्यमात कोणताही सेंद्रिय नत्रयुक्त अर्क नसणे हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. युस्टुस फॉन लीबिग यांना हा प्रयोग जमला नाही आणि १८७० च्या सुमारास त्यांनी तसे जाहीरपणे लिहिले. पाश्चर यांनी उत्तरादाखल आव्हान दिले : अकादमीची समिती नेमावी आणि लीबिग यांना हवे तेवढे यीस्ट अशाच द्रावणात वाढवून दाखवू. लीबिग यांनी हे आव्हान स्वीकारले नाही. १८७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि वाद पाश्चर यांच्या बाजूने निकालात निघाला असे मानले गेले.

विज्ञानाच्या इतिहासात हा प्रसंग बहुधा विजय-पराजयाच्या भाषेत सांगितला जातो. ती भाषा येथे अपुरी पडते. पाश्चर यांचे द्रावण कितीही साधे असले, तरी त्यात सोडलेले यीस्ट साधे नव्हते. टाचणीच्या माथ्याएवढे यीस्ट घातल्याचे ते स्वतःच लिहितात. टाचणीचा माथा लहान दिसतो, पण त्यात लक्षावधी पेशी मावतात, आणि त्या पेशी पूर्वीच्या समृद्ध माध्यमातून अनेक द्रव्यांची शिदोरी घेऊन आलेल्या असतात. पाश्चर यांचा प्रयोग खरा होता आणि लीबिग यांचे अपयशही खरे असू शकत होते. दोघांत फरक पडला तो द्रावणाबाहेरच्या एका गोष्टीने, आणि ती गोष्ट दोघांच्याही मांडणीत चल म्हणून धरलेली नव्हती.

विल्डियर्स यांचा निबंध (१९०१) :

ही गोष्ट प्रथम चल म्हणून हाताळली ती बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठात प्राध्यापक इड यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या विल्डियर्स यांनी. १९०१ मध्ये ‘ला सेल्यूल’ या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : शर्करा आणि क्षार यांच्या द्रावणात यीस्टचे विरजण मोठे घातले तर वाढ होते, अगदी अल्प घातले तर होत नाही. अल्प विरजणाच्या द्रावणात उकळलेल्या यीस्टचे पाणी थोडेसे मिसळले की वाढ सुरू होते. यीस्टची राख मिसळून तो परिणाम मिळत नाही. अर्थात हे द्रव्य खनिज नाही. त्या अज्ञात सेंद्रिय द्रव्याला ‘बायोस’ हे नाव देण्यात आले. मांसाच्या अर्कातही ते आढळले. व्यापारी मांसार्काशी लीबिग यांचे नाव कायमचे जोडले गेलेले आहे, हे लक्षात घेतले तर यातील योगायोग अभ्यासकाच्या नजरेतून सुटू नये.

या निबंधाचे मोल नेमके कशात आहे, याविषयी मात्र मतभेदाला जागा आहे. बहुतेक ठिकाणी विल्डियर्स यांचा उल्लेख ‘बायोसचे संशोधक’ असा होतो, म्हणजे एका द्रव्याच्या शोधाचे श्रेय त्यांना दिले जाते. वास्तविक त्यांनी कोणतेही द्रव्य वेगळे काढले नाही, आणि ज्याला त्यांनी एक समजले ते पुढे अनेक निघाले. त्यांचे खरे योगदान पद्धतीचे आहे. विरजणाचे प्रमाण बदलून पाहणे, तेही एवढे खाली नेणे की पेशींबरोबर आलेली शिदोरी नगण्य ठरावी, ही कल्पना त्यांची. दह्याला किती विरजण लावले यावर दही लागण्याचा वेळ अवलंबून असतो हे प्रत्येक घरी ठाऊक असते. पण विरजणाबरोबर नुसते जंतू जात नाहीत, थोडे जुने दहीही जाते, आणि परिणाम जंतूंचा की जुन्या दह्याचा हे वेगळे करून पाहावे लागते, असे म्हणणे ही वेगळी पायरी आहे. विल्डियर्स ती चढले. विस्मरण झाले ते नेमके याच पायरीचे, आणि लक्षात राहिले ते नाव.

एका नावाची अडचण :

नाव मिळाले की वस्तू मिळाली असे वाटू लागते. ‘बायोस’ हा एकवचनी शब्द होता, म्हणून शोधही एका द्रव्याचा सुरू झाला. त्यातच १९१२ मध्ये कॅसिमिर फंक यांनी ‘व्हिटामिन’ ही संज्ञा रूढ केली आणि कोंड्यातील बेरीबेरी-निवारक द्रव्य व यीस्टमधील बायोस एकच असावे, अशी शंका बळावली. १९१९ मध्ये अमेरिकेत रॉजर विल्यम्स यांनी यीस्टच्या वाढीवरून अन्नातील ‘ब’ जीवनसत्त्व मोजण्याची सोपी जैविक कसोटी सुचविली. कबुतरे व उंदीर पाळून महिनोन्महिने वाट पाहण्याऐवजी एका दिवसात उत्तर मिळणार, हे आकर्षण मोठे होते.

आक्षेपही लगेच आले. १९२१ मध्ये फुल्मर, नेल्सन व शेरवूड यांनी माध्यमातील क्षारांचे प्रमाण नीट राखले तर यीस्ट अशा द्रव्याविनाही वाढते असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी मॅकडॉनल्ड व मॅकॉलम यांनीही शुद्ध केलेल्या पोषकद्रव्यांत यीस्ट वाढविल्याचे सांगून बायोसच्या गरजेवरच प्रश्नचिन्ह लावले. आज या निबंधांकडे पाहताना कोण चुकले असे विचारण्यापेक्षा कोण कशाविषयी बोलत होते असे विचारणे अधिक फलदायी आहे. प्रत्येकाचे वाण वेगळे, साखरेची शुद्धता वेगळी, विरजण वेगळे, आणि किती तासांनी वाढ मोजायची तो काळही वेगळा. चोवीस तासांत न वाढणारे यीस्ट काही दिवसांनी वाढले, तर एक संशोधक ‘गरज आहे’ म्हणतो, दुसरा ‘गरज नाही’ म्हणतो, आणि दोघांचे आकडे बरोबर असतात. ‘गरज’ आणि ‘उत्तेजन’ या दोन शब्दांत जो फरक आहे, तो त्या काळच्या लेखनात क्वचितच काटेकोरपणे पाळला गेला.

कोंडी फुटली ती द्रव्याचे तुकडे केल्यावर. टोरोंटो विद्यापीठात लॅश मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली बायोसचे दोन अंश वेगळे करण्यात आले. एकटा अंश फारसे काम करीत नाही, दोन्ही मिळून वाढ होते असे दिसले. १९२८ मध्ये एडना ईस्टकॉट यांनी पहिला अंश चहापासून वेगळा काढून तो इनॉसिटॉल असल्याचे दाखविले. इनॉसिटॉल रसायनशास्त्राला त्यापूर्वीच अनेक दशके ठाऊक होते. नवे ठरले ते त्याचे कार्य. दुसरा अंश पुन्हा फुटला. १९३३ मध्ये विल्यम्स यांनी पँटोथेनिक आम्ल हे नाव पुढे आणले. १९३६ मध्ये उट्रेख्त येथे क्योगल व ट्योनिस यांनी २५० किलो वाळविलेल्या बदकाच्या अंड्यांच्या बलकातून अवघे १.१ मिलिग्रॅम स्फटिकरूप द्रव्य मिळविले व त्याला बायोटिन म्हटले. हाच पदार्थ ‘व्हिटामिन एच’ व ‘कोएंझाइम आर’ या नावांनी वेगवेगळ्या विद्याशाखांत स्वतंत्रपणे वावरत होता, हे १९४० च्या सुमारास स्पष्ट झाले.

अशा रीतीने एका शब्दाच्या जागी अनेक रेणू आले. पण क्रमिक पुस्तकांनी या इतिहासातून घेतली ती केवळ रेणूंची यादी. त्यामुळे ‘बायोस’ या एकवचनाने केलेली चूक अनेकवचनात पुढे चालू राहिली. पूर्वी म्हणत, यीस्टला बायोस लागतो; आता म्हणतात, यीस्टला हे पाच-सहा घटक लागतात.

बीटचा प्रदेश आणि उसाचा प्रदेश :

या यादीत बायोटिनला मिळालेले अग्रस्थान विशेष तपासण्यासारखे आहे. जीवरासायनिक दृष्ट्या ते योग्यच आहे. पायरुव्हेट कार्बोक्सिलेज आणि ॲसिटिल को-ए कार्बोक्सिलेज ही विकरे बायोटिनवाचून काम करीत नाहीत. पहिल्याशिवाय ॲस्पार्टिक आम्लाकडे जाणारा मार्ग आणि दुसऱ्याशिवाय मेदाम्लांची निर्मिती खुंटते. माध्यमात ॲस्पार्टिक आम्ल व ओलेइक आम्ल आयते दिले असता बायोटिनची गरज काही अंशी कमी होते, यावरूनही हे समजते. यीस्टचा जीनोम १९९६ मध्ये पूर्ण वाचला गेल्यानंतर बहुतेक वाणांत बायोटिनच्या निर्मितीमार्गाचे शेवटचे टप्पे आहेत, आरंभीचे नाहीत, हेही उलगडले. काही साके यीस्टमध्ये मात्र पूर्ण मार्ग आढळतो. म्हणजे येथेही ‘यीस्ट’ असे सरसकट म्हणता येत नाही.

परंतु पावाच्या यीस्टच्या औद्योगिक ग्रंथांत बायोटिनवर जो भर आढळतो, त्यामागे केवळ जीवरसायन नाही, भूगोलही आहे. यीस्टचे कारखाने साखर कारखान्यांच्या मळीवर चालतात. युरोपात साखर प्रामुख्याने बीटची, म्हणून मळीही बीटची. बीटच्या मळीत इनॉसिटॉल व पँटोथेनिक आम्ल पुरेसे असते, पण बायोटिन अत्यल्प असते. उसाच्या मळीत बायोटिन त्याच्या अनेक पटींनी अधिक असते. म्हणून पाश्चात्त्य कारखान्यांत बीटच्या मळीत उसाची मळी मिसळण्याची किंवा बायोटिन वेगळे घालण्याची प्रथा पडली. ग्रंथकारांनी ही प्रथा नोंदविली. तिची संक्षिप्त आवृत्ती करणाऱ्यांनी मळीचे नाव वगळले. आणि शेवटी ‘यीस्टच्या उत्पादनात बायोटिन घालावे लागते’ एवढेच उरले.

महाराष्ट्रात परिस्थिती नेमकी उलट आहे. १९५० मध्ये प्रवरानगर येथे पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्र व मराठवाड्यात साखर कारखानदारी पसरली. ही सर्व साखर उसाची. तिच्याबरोबर निघणारी मळी ही यीस्टच्या दृष्टीने बायोटिनने संपन्न असते. (काकवी ही वेगळी वस्तू, ती गुऱ्हाळात साखर न काढता आटविलेल्या रसाची असते. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले गेल्यास प्रयोगाचा अर्थच बदलतो.) अशा मळीवर यीस्ट वाढवून त्यात बायोटिन घातले आणि वाढीत फरक पडला नाही, तर त्याचा अर्थ बायोटिन निरुपयोगी आहे असा होत नाही. ते तेथे आधीच आहे, एवढाच त्याचा अर्थ. उलट फरक पडला, तर मळी कोणती होती, ती किती पातळ केली होती आणि नत्र कोणत्या रूपात दिले होते, हे आधी विचारावे लागेल.

नत्राचा मुद्दा विशेष महत्त्वाचा, कारण तो सहसा दुर्लक्षिला जातो. मळीत यीस्टला वापरता येण्याजोगे नत्र कमी असल्याने अमोनियम क्षार किंवा युरिया घालतात. युरिया स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा, म्हणून महाविद्यालयीन प्रयोगात तोच वापरण्याकडे कल असतो. मात्र यीस्टमध्ये युरियाचे विघटन करणारे युरिया अमायडोलायेज हे विकरही बायोटिनवर अवलंबून आहे. म्हणजे अमोनियम सल्फेटऐवजी युरिया घेतल्याबरोबर त्याच यीस्टची बायोटिनची गरज बदलते. एका तक्त्यात अमोनियम क्षार आणि दुसऱ्यात युरिया असेल, तर दोन तक्त्यांतील ‘बायोटिनचा परिणाम’ ही एकच राशी नाही. खताचे पोते आणि जीवनसत्त्वाची कुपी यांचा असा संबंध असेल, हे सहज ध्यानात येत नाही.

इनॉसिटॉल : जीवनसत्त्वासारखे, पण कोणासाठी?

बायोटिनच्या बाबतीत मुख्य प्रश्न माध्यमाचा, तर इनॉसिटॉलच्या बाबतीत तो वाणाचा आहे. इनॉसिटॉलला ‘जीवनसत्त्वसदृश’ म्हणतात, कारण प्राण्यांच्या शरीरात ते तयार होऊ शकते आणि म्हणून जीवनसत्त्वाच्या व्याख्येत ते पूर्णपणे बसत नाही. यीस्टमध्येही तीच अडचण आहे. प्रयोगशाळेतील अनेक सामान्य वाणे ग्लुकोज-६-फॉस्फेटपासून स्वतःचे इनॉसिटॉल तयार करतात. या मार्गातील पहिले विकर ज्या जनुकावरून घडते, त्याला आयएनओ-१ म्हणतात. माध्यमात इनॉसिटॉल आयते मिळाले की हे जनुक दबले जाते आणि पेशी बाहेरचा माल वापरू लागते. अशा वाणाला इनॉसिटॉल दिल्यास निर्मितीचा भार थोडा हलका होईल. ‘गरज भागली’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल.

याउलट सॅकरोमायसिस कार्ल्सबर्जेन्सिस या नावाने ओळखल्या गेलेल्या काही वाणांना इनॉसिटॉल बाहेरूनच लागते, आणि म्हणूनच अन्नपदार्थांतील इनॉसिटॉल मोजण्यासाठी त्यांचा वापर होत आला. १९७० च्या दशकात कल्बर्टसन व हेन्री यांनी सॅकरोमायसिस सेरेव्हिसीची इनॉसिटॉल-परावलंबी उत्परिवर्तिते मिळविली. इनॉसिटॉल न मिळाल्यास ती नुसती थांबत नाहीत, मरू लागतात. कारण इनॉसिटॉल हे फॉस्फॅटिडिल इनॉसिटॉल या पटलातील मेदद्रव्याचा भाग आहे. पेशीतील बाकीची वाढ चालू राहते आणि पटल मात्र पुरेसे बनत नाही, असा तो विसंवाद आहे. तेव्हा एकच कुपी एका वाणाला जवळपास निरर्थक, दुसऱ्याला जगण्याची अट. वऱ्हाडातील कापूस उत्पादकाला ‘कपाशीला पाणी किती लागते’ असे विचारले तर तो आधी वाण आणि जमीन विचारतो. यीस्टच्या बाबतीत हाच साधा प्रतिप्रश्न बहुतेक वेळा विचारला जात नाही.

इनॉसिटॉलचा आणखी एक परिणाम नोंदवायला हवा. साके यीस्टवरील जपानी अभ्यासांत पेशीतील इनॉसिटॉलचे प्रमाण आणि अल्कोहोल सहन करण्याची क्षमता यांचा संबंध दिसून आला आहे. हा परिणाम वाढीचा नव्हे, तगून राहण्याचा आहे. पावाच्या यीस्टचा उत्पादक अल्कोहोल होऊच नये म्हणून झटतो, त्यामुळे मद्यनिर्मितीतील हा गुण बेकरीच्या संदर्भात उचलून आणणे धोक्याचे आहे.

वाढ, फुगणे आणि हवा :

येथे शब्दांचा एक घोळ आड येतो. बेकरीवाल्याच्या दृष्टीने चांगले यीस्ट म्हणजे पीठ लवकर फुगविणारे; कारखानदाराच्या दृष्टीने चांगले म्हणजे दिलेल्या साखरेत अधिकाधिक पेशी देणारे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. १९३७ मध्ये शुल्त्झ, ॲटकिन व फ्रे यांनी थायमिन मोजण्यासाठी किण्वनाची कसोटी मांडली. तिचा आधार असा की थायमिनमुळे यीस्टच्या वायुनिर्मितीचा वेग वाढतो. अनेक वाणे थायमिन स्वतः बनवितात, तरीही हा परिणाम दिसतो. एखाद्या प्रकल्पात फुग्यात जमलेला वायू मोजून ‘वाढ’ असे लिहिले, तर तेथे वाढ मोजलेलीच नसते.

हवेचेही तेच. भरपूर हवा आणि साखर थोडी-थोडी करून देण्याची पद्धत वापरल्यास एक ग्रॅम शर्करेपासून सुमारे अर्धा ग्रॅम कोरडे यीस्ट मिळू शकते. हवा नसल्यास किंवा साखर एकदम दिल्यास बरीचशी साखर अल्कोहोलकडे जाते व पेशींचे उत्पन्न याच्या जेमतेम पंचमांशापर्यंत घसरते. या उडीपुढे वृद्धिघटकाने पडणारा फरक झाकला जाण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय प्राणवायूच नसेल, तर वृद्धिघटकांची यादीही बदलते. १९५० च्या दशकाच्या आरंभी आंद्रेआसेन व स्टियर यांनी दाखविल्याप्रमाणे अशा स्थितीत यीस्टला एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्ल बाहेरून द्यावे लागते, कारण ती बनविण्यास प्राणवायू लागतो. परीक्षानळी स्थिर ठेवली की हलविणाऱ्या यंत्रावर लावली, या तपशिलावर ‘आवश्यक घटक कोणते’ याचे उत्तर अवलंबून असते. असा तपशील पद्धतीच्या परिच्छेदात नसेल, तर निष्कर्षाच्या परिच्छेदाचे मूल्यमापन करता येत नाही.

विरजणाचा हिशेब :

विल्डियर्स यांची पायरी आज किती सहज निसटते, हे थोड्या अंकगणिताने दाखविता येते. विकरहॅम यांच्या सूत्रावर आधारित ‘यीस्ट नायट्रोजन बेस’ या प्रचलित माध्यमात दर लिटरला बायोटिन २ मायक्रोग्रॅम आणि इनॉसिटॉल २ मिलिग्रॅम असते. पावाच्या कोरड्या यीस्टमध्ये दर ग्रॅमला साधारणतः एक मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन आणि काही मिलिग्रॅम इनॉसिटॉल असते. समजा, परतवाड्याच्या बाजारातून आणलेल्या बेकरीच्या पुडीतील एक ग्रॅम यीस्ट विद्यार्थ्याने एक लिटर द्रावणात थेट मिसळले. तेवढ्यानेच बायोटिन माध्यमाच्या निम्म्यापर्यंत आणि इनॉसिटॉल माध्यमाइतके किंवा त्याहून अधिक आत गेले. यातील मोठा भाग पेशींच्या आत असतो हे खरे, पण पहिल्या काही विभाजनांना तो पुरतो, आणि मेलेल्या पेशींमधून बाहेरही झिरपतो. आता ‘इनॉसिटॉलसह’ व ‘इनॉसिटॉलविरहित’ अशा दोन चंबूंची तुलना केली, तर प्रत्यक्षात दोन्ही चंबू इनॉसिटॉलसहच आहेत.

त्याहून ढोबळ चूक माध्यमाच्या निवडीत होते. यीस्ट वाढविण्याच्या नेहमीच्या माध्यमात एक टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतो. उकळलेल्या यीस्टचे पाणी म्हणजेच विल्डियर्स यांचा बायोस. त्याचीच भुकटी दर लिटरला दहा ग्रॅम घालून त्यावर आणखी मिलिग्रॅमभर वृद्धिघटकाचा परिणाम शोधणे हे भरलेल्या विहिरीत तांब्या ओतून पातळी मोजण्यासारखे आहे. अशा प्रयोगात आलेला फरक बहुधा सांडण्याचा किंवा मोजण्याचा असतो. तो सांख्यिकीय कसोटीला उतरला, तरी त्याला जैविक अर्थ लावण्यापूर्वी थांबणे आवश्यक आहे.

संत्र्याचा रस आणि मोहाची फुले :

वरील चिकित्सेचा स्थानिक उपयोग कोणता, हा प्रश्न रास्त आहे. अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी, वरूड हा संत्र्याचा पट्टा. उत्तरेला मेळघाटात मोहाची झाडे. टाकाऊ किंवा गळालेल्या संत्र्यांचा रस, तसेच मोहाच्या फुलांचा अर्क ही स्वस्त माध्यमे म्हणून पुढे येणे स्वाभाविक आहे. लिंबूवर्गीय फळे इनॉसिटॉलचा समृद्ध स्रोत आहेत. त्यामुळे ‘संत्र्याच्या रसातील इनॉसिटॉलमुळे यीस्टची वाढ अधिक’ असा निष्कर्ष मोहक वाटतो. पण रसात शर्करा, अमिनो आम्ले, पोटॅशियम आणि इतर ‘ब’ जीवनसत्त्वेही असतात. रस घातल्याने वाढ झाली हे दाखविणे आणि ती इनॉसिटॉलमुळे झाली हे दाखविणे यांत १९०१ ते १९२८ एवढे अंतर आहे. गोव्यातील पोदेर पूर्वी पिठात माडाची सूर घालीत. त्या सुरेतही यीस्ट, साखर आणि वृद्धिघटक एकत्रच येत. पाव फुगण्याशी काम असलेल्या पोदेराला ते वेगळे करण्याची गरज नव्हती. प्रबंध लिहिणाऱ्याला मात्र ती आहे.

हे अंतर आज अल्प खर्चात पार करता येते. इनॉसिटॉलच्या बाबतीत दोन वाणे शेजारी ठेवावीत : एक स्वतः इनॉसिटॉल बनविणारे आणि एक परावलंबी. रसाचा परिणाम दोन्हींवर सारखाच पडला तर तो इनॉसिटॉलचा नव्हे. असे मान्यताप्राप्त वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहासारख्या ठिकाणांकडे मागता येतात आणि त्यांचा क्रमांक लेखात देता येतो. बाजारातील पुडीला असा क्रमांक नसतो. पेशी निर्जंतुक क्षारद्रावणात दोन-तीनदा धुऊन, वृद्धिघटकविरहित द्रावणात एकदा वाढवून मगच प्रयोगाला घ्याव्यात. रसाबरोबर येणाऱ्या शर्करेइतकी शर्करा नियंत्रण चंबूतही घालावी.

बायोटिनची परीक्षा तर अंड्यानेच होते. बलकातून बायोटिन मिळाले, आणि पांढऱ्या भागात त्याला घट्ट बांधून ठेवणारे अव्हिडिन हे प्रथिन आहे. १९४० च्या सुमारास स्नेल, ईकिन व विल्यम्स यांनी यीस्टच्याच साहाय्याने बायोटिन व अव्हिडिन या दोहोंचे मापन केले. मोहाच्या अर्कात अव्हिडिन घातल्यावर यीस्टची वाढ थांबली, त्यावर अव्हिडिनला पुरून उरेल इतके बायोटिन घातल्यावर ती पुन्हा सुरू झाली आणि उष्णतेने निष्प्रभ केलेल्या अव्हिडिनचा काहीच परिणाम झाला नाही, असे तिन्ही चंबू एका तक्त्यात असतील, तरच ‘मोहाच्या अर्कातील बायोटिनमुळे’ हे शब्द लिहिता येतील. अव्हिडिन घालूनही वाढ तशीच चालू राहिली, तर कारण दुसरीकडे शोधावे लागेल, आणि त्याआधी विरजण किती घातले होते ते पुन्हा एकदा पाहावे लागेल.